तिथी पाहून कॅमेरा भरा: बेळगावहून कारवार किनाऱ्यावर जाऊन मच्छीमारांच्या कामाचे फोटो कसे काढावेत

शनिवारी दुपारी बेळगाव सोडायचं, संध्याकाळी सूर्यास्ताचे फोटो घ्यायचे आणि रविवारी नाश्ता करून किनाऱ्यावर उतरायचं. या वेळापत्रकात मासेमारी दिसतच नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झालेली असते, मासळी बाजारात गेलेली असते आणि वाळूवर जाळी तेवढी वाळत असतात. मच्छीमारांचं काम भरती-ओहोटीवर चालतं, म्हणून आधी पंचांग उघडा.

तारीख ठरवणे

तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते, ही कोकणातली जुनी रीत. पौर्णिमेला १५ गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला ८ गुणिले पाऊण म्हणजे सहा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून करायची. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते. कारवारला वेळ मुंबईपेक्षा थोडी आधी येते, तेव्हा अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा आणि मुक्कामी पोचल्यावर एखाद्या होडीवाल्याला विचारून खात्री करा.

याचा उपयोग असा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप मागे हटतं आणि ओहोटी संध्याकाळी पाचच्या आसपास येते. काळी नदीच्या मुखाशी तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायका त्या वेळी गुडघाभर पाण्यात, तिरप्या सोनेरी उन्हात सापडतात. अष्टमीला गेलात तर हीच ओहोटी भर दुपारी येईल आणि डोक्यावरच्या उन्हाने चेहरे काळे पडतील. शिवाय तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असतो, त्यामुळे पाणीही फारसं हटत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि खवळलेल्या समुद्रात रापणही पडत नाही. पाऊस ओसरल्यापासून मे महिन्यापर्यंत जा. खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी घाट, कद्रा या वाटेने चार तास तरी धरा. पहाटेचं काम हवं असेल तर आदल्या रात्री मुक्काम हवाच.

सामान

मोबाइल असला तरी चालतं. कॅमेरा असेल तर २४-७० किंवा ३५ मिलिमीटरची एकच लेन्स लावून न्या आणि वाळूवर ती बदलू नका. लांबून टिपणारी मोठी लेन्स खोलीवर ठेवा. ती लावली की माणसाशी बोलायचं राहून जातं आणि ते फोटोत दिसतं.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला तर दमट हवेचं पाणी काचेवर जमतं. बॅग बंद ठेवून २० ते ३० मिनिटं थांबा. लेन्सवर तुषार उडाले तर आधी ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने) वाळू उडवा, मगच कापड लावा. उलट केलंत तर वाळूचा कण काचेवर ओरखडा काढतो.

विचारणे

कारवारकडे घरोघरी कोंकणी बोलतात, मराठीही बहुतेकांना कळते. “मामा, फोटो घेऊ काय?” एवढं पुरतं, “फोटो काडूं?” म्हटलंत तर अधिक जवळीक वाटते. मासळी विकणाऱ्या मावशीची भवानी होईपर्यंत कॅमेरा काढूच नका. पोझसाठी पैसे देऊ नका, त्याऐवजी बांगडे विकत घ्या. होडीवर चपला घालून चढू नका, जाळं ओलांडू नका.

अंकोल्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या हालक्की समाजातल्या बायकांच्या गळ्यातल्या मण्यांच्या माळा पाहून अनेकजण थेट माळांचाच क्लोज-अप घेतात आणि निघतात. हे अगदी चुकीचं आहे. याच समाजातल्या सुक्री बोम्मगौडा यांना लोकगीतांसाठी २०१७ साली पद्मश्री मिळाली. समोर बसलेली बाई कोण, काय विकते, कुठल्या गावची, हे आधी ऐकून घ्या.

रापण टिपणे

होडी जाळं सोडत अर्धगोल फेरा मारते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. दोन टोळ्या ते ओढत हळूहळू एकमेकींकडे सरकतात. दोन दोरांच्या मधे कधीही उभे राहू नका. ताणलेला दोर पायाला लागला तर तुम्ही पडाल आणि त्यांच्या ओढण्याची लय तुटेल. बाहेरच्या बाजूने, ओढणाऱ्यांच्या पुढे चार-पाच पावलं जाऊन चेहरे घ्या.

दोर ओढताना शटरचा वेग १/२५० सेकंद पुरतो. पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) फेकणारा माणूस आणि उडणारं पाणी गोठवायचं तर १/१००० लागेल. मागे चमकता समुद्र असला की कॅमेरा फसतो आणि सावळे चेहरे काळे ठिक्कर करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड वर सरकवा. गोकर्णाजवळच्या साणीकट्ट्याच्या मिठागरातही परवानगी घेऊन हेच करा, नाहीतर पांढरं मीठ राखाडी येईल.

जाळं वर आलं की बहुतेकजण मासळीचा ढीग टिपून परततात. थांबा. खरा फोटो त्यानंतरच्या वाटणीत आहे: वाळूवरचे वाटे, कोणाला किती यावरची बोलणी, टोपली पुढे करणारे हात. त्यात त्या गावाची सगळी नाती दिसतात.

कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा तळ आहे. तिकडे कॅमेरा वळवू नका, ड्रोन घरीच ठेवा.

परत आल्यावर

कापड गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि कॅमेऱ्याचं अंग पुसा. ट्रायपॉडचे पाय उघडून धुवा. मीठ राहिलं तर सांधे धरतात. त्याच रात्री फोटो दोन ठिकाणी साठवा आणि प्रत्येकाखाली गाव, तिथी, जाळ्याचं नाव आणि काम लिहा. जाळ्याचं नाव त्यांनी उच्चारलं तसंच लिहा, कारण दहा मैलांवर ते बदलतं.

ज्यांचे फोटो घेतले त्यांच्यासाठी ४×६ च्या प्रती काढा आणि पुढच्या खेपेला स्वतः नेऊन द्या. प्रत्येक प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घाला. खाऱ्या हवेत कागद लवकर खराब होतो.