फुकेतला पावसाळ्यात समुद्रात उतरताना

मे ते ऑक्टोबर हा थायलंडमधल्या फुकेत बेटाच्या पश्चिम किनाऱ्याचा पावसाळा. पातोंग, कारोन, काता या किनाऱ्यांवर खोल्या स्वस्त मिळतात, पण समुद्र खवळलेला असतो. वाळूत लाल झेंडा दिसला की गुडघाभर पाण्यातही उतरू नका. पोहायचंच तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या जोडीमध्ये. तेवढ्याच पट्ट्यावर जीवरक्षकांची नजर असते.

फसगत होते ती शांत दिसणाऱ्या जागी. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा सपाट, गढूळ, फेस आत समुद्राकडे चाललेला, तर ती समुद्रात खेचणारी ओढ समजा. किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथूनच परत जातं. पट्टीचे पोहणारेही इथं बुडतात, कारण ते सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतात आणि दमतात. तसं करू नका. आधी तरंगत राहा, एक हात वर करून मदत मागा. अंगात दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा, मग तिरकं लाटांबरोबर परत या.

जेलीफिशचा डंख झाला तर चोळू नका, गोडं पाणीही नको. त्यावर किमान 30 सेकंद व्हिनेगर ओता. रुग्णवाहिकेसाठी 1669, पर्यटक पोलिसांसाठी 1155.