नवे फौजदारी कायदे आणि ज्युनियर वकील: तक्त्याआधी तारीख बघा

एआयबीई (वकिलीसाठीची अखिल भारतीय बार परीक्षा) सुटली, सनद मिळाली की शिक्षण संपलं असं घरच्यांना वाटतं. आपल्याकडे वकिलाने दरवर्षी अमुक तास शिकलंच पाहिजे अशी सक्तीही नाही. त्यामुळे १ जुलै २०२४ पासून भादंवि (भारतीय दंड विधान), सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) आणि जुना पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या परीने शिकून घेतलं. बहुतेकांच्या हाती व्हॉट्सअॅपवरचा तक्ता होता: डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं.

त्या तक्त्याच्या भरवशावर अर्ज लिहू नका. खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीच्या ४२० चं ३१८(४) झालं, हे पाठ होतं. पण समोरच्या प्रकरणाला कुठला कायदा लागतो, हे तक्ता सांगत नाही. मला सगळ्यात जास्त याच गोष्टीने छळलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फसवणूक मार्च २०२४ ची, फिर्याद ऑगस्ट २०२४ ची. गुन्ह्याचं कलम? भादंवि ४२०च, कारण कृत्य जुन्या कायद्याच्या काळातलं. पण गुन्हा नोंदवणं आणि तपास नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, म्हणजे कलम १७३ पासून पुढे. अटकपूर्व जामीनही नव्या ४८२ खाली. एकाच अर्जात दोन कायदे येतात आणि ते बरोबर असतं. आता गुन्हा मे २०२४ मध्येच नोंदला असेल आणि १ जुलैला तपास चालू असेल, तर नव्या संहितेचं कलम ५३१ उघडा: प्रलंबित तपास, खटला, अर्ज, अपील जुन्या सीआरपीसीनेच पुढे चालतात. १ जुलैनंतर दाखल केलेल्या अर्जांचं काय, त्यासाठी उच्च न्यायालयाचे निवाडे वाचावेच लागतात. न्याय संहितेचं ३५८ आणि हे ५३१, ही दोन कलमं आधी वाचा. मी प्रत्येक ब्रीफच्या (प्रकरणाच्या फाइलच्या) कव्हरवर घटनेची आणि गुन्हा नोंदल्याची तारीख लाल शाईने लिहिते.

त्यात आकड्यांचा घोळ. सीआरपीसीचं जुनं ४८२ म्हणजे एफआयआर रद्द करून घ्यायचं कलम, ते आता ५२८. बार रूममध्ये कोणी नुसतं ‘४८२ टाकलंय’ म्हणालं तर कुठलं, ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. वीस वर्षं प्रॅक्टिस झालेलेही बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्याचं मूळ पुस्तक, उघडून बघतात.

तक्त्यात न दिसणारे बदलही आहेत. खासगी फिर्यादीत दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, ते नागरिक सुरक्षा संहितेच्या २२३ मध्ये. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या जुन्या ६५ब च्या जागी आलेल्या साक्ष्य अधिनियमाच्या ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश व्हॅल्यूही (फाइलची डिजिटल ओळख) लिहायची. व्हॉट्सअॅप चॅटच्या प्रिंटला जुना नमुना जोडू नका.

एआयला सायटेशन (निवाड्याचा संदर्भ) विचारत असाल तर ई-एससीआरवर, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांच्या ऑनलाइन संग्रहात, किंवा संबंधित उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मूळ निवाडा काढून वाचल्याशिवाय कोर्टात नाव घेऊ नका. अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांवर उभा असलेला प्राप्तिकराचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केला.

सिनियर निवडताना त्यांचं बोर्ड किती मोठं, म्हणजे रोज किती प्रकरणं, हे बघू नका. तुम्ही लिहिलेला अर्ज समोर बसवून खोडून देणारा सिनियर शोधा. नुसत्या तारखा घ्यायला पाठवणाऱ्याकडे वर्षं वाया जातात, हे माझं ठाम मत आहे. सुरुवातीला पैसे कमी मिळतील आणि ते जड जातं, मला ठाऊक आहे. पण कायदा नवा असल्याने सिनियरही तुमच्याबरोबरच शिकताहेत. ५३१ वरचा ताजा निवाडा तुम्ही आधी वाचलात, तर तेच तुम्हाला हाक मारतील.