खाडीकाठचा बांध टिकवायचा तर समोरची खारफुटी राखा

पावसाळा तोंडावर आला की खाडीकाठचा शेतकरी आधी बांध बघतो. कुठे चिरला आहे, कुठे खेकड्यांनी पोखरला आहे, उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी सोडण्याच्या दाराची, झडप नीट बसते की नाही. त्याच फेरीत बांधापलीकडची खारफुटीही न्याहाळा. भरतीची लाट मुळा-खोडांच्या जाळीतून येताना तिचा जोर मोडतो आणि तिने आणलेला गाळ तिथेच बसतो. हा पट्टा जिथे तुटला, तिथे उधाणाचा मारा थेट बांधावर येतो. कोळंबीची आणि मासळीची पिल्लेही याच मुळांच्या आडोशाला वाढतात.

म्हणून डागडुजीची माती खारफुटीच्या मुळाशी खणू नका, लांबून आणा. कुंपणाला, जळणाला फांद्या तोडू नका. तिवर या खारफुटीच्या झाडाभोवती चिखलातून वर आलेली बोटांसारखी मुळे दिसतात, ती त्याची श्वसनमुळे. खालच्या चिखलात हवा जवळजवळ नसते, झाड श्वास घेते ते यांतूनच. त्यांच्यावर राडारोडा टाकला तर हिरवेगार झाड उभ्या उभ्या गुदमरते. अडकलेले प्लास्टिक आणि तुटकी जाळी ओहोटीला काढून घ्या.

नव्या लागवडीची घाई मात्र नको, हे कळकळीने सांगतो. ओहोटीला उघडा पडलेला मोकळा चिखल दिसला की तिथे रोपे लावली जातात आणि बहुतेक मरतात, कारण ती जागा फार वेळ पाण्याखाली असते. खारफुटी तगते ती समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोठ्या भरतीच्या रेषेपर्यंत. आधी पाण्याची वाट बघा. भरावाने किंवा बुजलेल्या चराने भरती अडली असेल तर ती मोकळी करा. जवळपास झाडे असतील तर बी वाहत येऊन आपसूक रुजते.

लावायचेच असेल तर खारफुटीतला कांदळ सोपा. त्याचे बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखे लटकते. फळाखाली पिवळसर कडे दिसले आणि शेंग हलक्या हाताने सुटली की ती पक्व. ओढावी लागली तर राहू द्या. टोकाची बाजू खाली ठेवून एक तृतीयांश भाग चिखलात सरळ रोवा, दोन शेंगांत 1 ते 1.5 मीटर अंतर ठेवा. तिवराचा पाला गुरांना आवडतो, तेव्हा कोवळ्या रोपांकडे गुरे फिरकू देऊ नका.

एवढे करूनही उधाण शेतात शिरलेच तर ओहोटीला उघाडी उघडून खारे पाणी काढून टाका. मग पावसाचे पाणी खाचरात कोंडा, सोडा, पुन्हा कोंडा. मातीचा खारेपणा तपासून तो उतरल्यावरच लावणी करा.