इंटर्नशिपला कैदी पेशंट आला तर: बेडीबद्दल मला उशिरा कळलेलं

सरकारी हॉस्पिटलात इंटर्नशिप करणार असाल तर कधी ना कधी कैदी पेशंट तुमच्या वाट्याला येणारच. माझ्या वाट्याला सर्जरीच्या पोस्टिंगला आला. साठीतले एक काका, कच्चे कैदी, म्हणजे केस अजून चालूच, शुगर वाढलेली आणि पायाला सेल्युलायटिस (कातडीखालचं इन्फेक्शन) होऊन गुडघ्यापर्यंत सूज. डावा हात बेडीने कॉटच्या रॉडला, उजव्या हाताला सलाईन, पाय उशीवर, मग माणसाने कूस बदलायची कशी? मी दोन दिवस ड्रेसिंग केलं, दोन्ही दिवस ती बेडी बघितली आणि काही बोलले नाही, कारण मला वाटायचं हे पोलिसांचं काम, आपण कशाला मध्ये पडायचं.

तिसऱ्या दिवशी राउंडला लेक्चरर मॅडमनी विचारलं, यांचा डावा हात कोणी तपासलाय? कोणीच नाही. बेडीखाली मनगट सुजलेलं आणि अंगठ्याच्या मागच्या बाजूला कापूस फिरवला तर काकांना कळतच नव्हतं. तिथल्या संवेदनेची नस मनगटाच्या कडेला अगदी कातडीखालून जाते, बेडी आवळली की ती दाबली जाते. आणि बेडीला डबल लॉक असतं, ते लावलं नाही तर हात हलेल तशी कडी एकेक दात पुढे सरकून आवळत जाते. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे तुम्ही रोज बघा, बेडीखाली बोट जातंय का, कातडी कशीय, बोटं गरम आहेत का, मुंग्या येतात का. पाय बांधलेला असेल तर पोटरी पण बघा, पडून राहिलेल्या पायात रक्ताची गुठळी व्हायला वेळ लागत नाही, बेडसोअर तर होतातच. आणि ड्युटी सुरू झाली की पहिलं विचारा, चावी कोणाकडे आहे. रात्री चावीवाला हवालदार खाली चहाला गेला आणि इकडे पेशंटला फिट आली तर काय कराल? एमआरआयच्या रूममध्ये किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये कॉटरी (विजेवर चालणारं, रक्तस्राव थांबवायचं उपकरण) वापरताना धातूची बेडी हातात नकोच.

गार्डशी भांडू नका मात्र. त्यांची भीती खरी असते, 2023 च्या ऑक्टोबरात पुण्यात ससूनमधून ड्रग्ज केसमधला आरोपी पळाला तेव्हा पोलीस निलंबित झाले होते, हे प्रत्येक हवालदाराला पाठ आहे. मी म्हटलं, दादा, या पायाने काका संडासापर्यंत जाऊ शकत नाहीत, पळतील कुठे? ते म्हणाले, मॅडम, तुम्ही लिहून द्या, मी साहेबांना दाखवतो. म्हणजे अडलं होतं ते एका कागदावर, आणि तो कागद माझ्याकडून जायला हवा होता!

कायदा आपल्या बाजूने आहे हे पण माहीत असू द्या. 1980 मध्ये प्रेमशंकर शुक्ला केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरसकट बेड्या घालणं अमानुष आहे. 1995 ची केस तर थेट हॉस्पिटलची, गुवाहाटीत टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या आजारी कैद्यांना बेड्या घालून वर दोरखंडाने बांधलेलं, पत्रकार कुलदीप नय्यर यांनी ते बघून कोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टाने म्हटलं की पळून जाण्याची ठोस भीती असेल तर मॅजिस्ट्रेटची परवानगी आणा, स्वतःच्या मनाने बेडी नाही. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत काही गंभीर गुन्ह्यांसाठी बेडीची मुभा आहे, पण ती अटक करताना आणि कोर्टात हजर करताना, कॉटला बांधण्याबद्दल त्यात काही नाही. कोर्टाने इतकं सांगूनही 2021 च्या कोविडमध्ये उत्तर प्रदेशात एटाला नव्वदी ओलांडलेल्या, ऑक्सिजनवरच्या कैद्याचा पाय साखळीने कॉटला बांधलेला सगळ्या देशाने बघितला. गायनॅकच्या पोस्टिंगला असाल तर हे लक्षात ठेवा, कैद्यांना कसं वागवायचं याबद्दलच्या युनोच्या 2015 च्या मंडेला नियमांप्रमाणे कळा सुरू असताना, बाळंतपणात आणि लगेच नंतर बाईला बांधायचंच नाही.

मी केस पेपरवर तारीख-वेळ टाकून लिहिलं, 'डाव्या मनगटाला सूज, अंगठ्यामागे बधिरपणा, बेडीच्या दाबामुळे. उपचारासाठी बेडी काढणे आवश्यक. पेशंट आधाराशिवाय चालू शकत नाही.' मॅडमनी खाली सही केली, कॉपी सुपरिटेंडेंटच्या ऑफिसातून जेलला गेली. संध्याकाळी बेडी निघाली, गार्ड दोनाचे तीन झाले. काका त्या रात्री पहिल्यांदा कुशीवर झोपले. तीन आठवड्यांनी फॉलोअपला आले तेव्हा पाय बरा होता, अंगठा अजून बधिर होता.