पोर्ट केलेली नळी: धक्का कमी, कटकट जास्त

टेक्सासात हरणांच्या शिकारीसाठी मी वापरतो ती .३०० विन्चेस्टर मॅग्नम रायफल. नळीच्या तोंडाशी खाचा पाडलेल्या, यालाच पोर्ट करणं म्हणतात. वायू वर निसटतो, म्हणून तोंड कमी उसळतं. पण आवाज! नेमबाजीच्या रेंजवर शेजारचा माणूस बाक बदलतो. कानात प्लग आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही हवेतच. तिन्हीसांजेला जाळही डोळ्यांपुढेच भडकतो.

साफ करताना आधी रायफल रिकामी आहे ना बघा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) काढा, साफ करायचा गज मागूनच घाला. खाचांपाशी हात सावकाश, चिंधी तिथेच अडकते. काजळी आणि गोळीचं तांबं कडांना चिकटतं. सॉल्व्हंट, म्हणजे मळ सोडवणारं द्रव, मुरू द्या, मग नायलॉनचा ब्रश. स्क्रूड्रायव्हरने खरवडायचं नाही, म्हणजे नाहीच. सॉल्व्हंट खाचांतून ठिबकतं, तेव्हा खाली फडकं धरा. शेवटी तेलाचा पुसट हात. गोळी झाडण्याआधी नळी कोरडी करा.