अपोस्टील होतं, तरी जन्मदाखला परत आला

परदेशातल्या कार्यालयाने माझा जन्मदाखला परत पाठवला तेव्हा मी चक्रावलोच. अपोस्टील (कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचं, हेग करारातल्या देशांत चालणारं सरकारी प्रमाणपत्र) तर होतं! चौकोनी कागद, वर फ्रेंचमध्ये १९६१ च्या हेग कराराचं नाव, खाली १ ते १० क्रमांकाचे रकाने.

मग ते रकाने पहिल्यांदाच नीट वाचले. क्रमांक २, सही कोणाची? नोटरीची! घोळ इथेच होता. मूळ दाखला मी हौसेने लॅमिनेट करून ठेवलेला, म्हणून नोटरीने प्रमाणित केलेली झेरॉक्स दिली होती. अपोस्टील फक्त सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं. आतल्या मजकुराची हमी देत नाही. म्हणजे खरी ठरली ती नोटरीची सही, जन्मनोंदणी करणाऱ्या निबंधकाची नव्हे.

निबंधकांकडून नवी प्रत काढली, शाईच्या सहीची. प्लास्टिक नाही, स्टेपलची पिनसुद्धा काढली नाही. त्यावर अपोस्टील घेतलं आणि भाषांतर सगळ्यात शेवटी केलं, अपोस्टीलच्या पानासकट. (आधी केलं असतं तर ते पान राहून गेलं असतं आणि पुन्हा हेलपाटा.) भाषांतरकार कोणाचा चालतो, हे मात्र तिकडच्या कार्यालयालाच ईमेलने विचारलं.

देश हेग करारात नसेल तर त्याच्या दूतावासाचा शिक्का लागतो. पण यादी ताजी बघा: चीन नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडा जानेवारी २०२४ पासून करारात आहेत. जुन्या माहितीपत्रकांत अजून दूतावासाचाच रस्ता सापडतो.