गावरान कोंबडीपालन: या चुका टाळा

दिवाळी सरली की फोन सुरू होतात. "दादा, १०० पिल्लं आणली, वीसेक मेली, कोणतं औषध देऊ?" मी विचारतो, रात्री पिल्लं कोपऱ्यात गोळा होतात का? पलीकडे सगळं गप्प.

औषध कशाला? गारठलीत ती. माझ्या दुसऱ्याच बॅचला डिसेंबरात गिरिराज या गावरानसारख्या संकरित जातीची २०० पिल्लं आणली होती. पिल्लामागे २ वॅट असा हिशेब करून १०० वॅटचे चार बल्ब चौकोनी खोलीत टांगले आणि जेवून झोपलो. रात्री लाइट गेली. पहाटे दार उघडलं तर सगळी एका कोपऱ्यात, एकमेकांवर चढलेली. वरची जिवंत, खालची २२ चपटी. शेजारी म्हणाला, रोग आला वाटतं. रोग कसला, माझी झोप भोवली.

तेव्हापासून पत्र्याचा गोल चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं कुंपण, लावतो, म्हणजे कोपराच नको. खाली भाताचं तूस. पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला ५ अंश कमी, हे सगळ्यांना पाठ असतं. मी मात्र पिल्लांकडे बघतो. बल्बखाली गर्दी केली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडी ठेवली तर उकडतंय, सगळीकडे पांगून चरत असली की बरोबर. कोळशाची शेगडी तयार ठेवतो, पण धूर पूर्ण गेल्यावरच आत, आणि वरची खिडकी उघडी. पहिले दहा दिवस माझी बाज शेडमध्येच असते. ज्याला हे जमत नाही त्याने महिन्याची वाढवलेली पिल्लं घ्यावीत, महाग पडली तरी.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात. ती बर्फाविना, उन्हातून, मोटारसायकलच्या डिकीत आणली असेल तर डोळ्यात नुसतं पाणी टाकलंत असं समजा.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे वनराज या तशाच संकरित जातीला मांसाच्या ब्रॉयलर कोंबडीसारखं चारणं. दोन महिन्यांची झाली तरी पोत्यावर पोतं रिकामं करतात, कोंबडी चरबीने जडावते, मग अंडी कमी म्हणून जातीला शिव्या. अहो, परसातली जात आहे ती, तिला हिंडू द्या! निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा, तोच वाचवायचा नाही तर गावरान कशाला पाळता? मी सकाळी सोडतो, संध्याकाळी मका-बाजरीची मूठ टाकून आत घेतो. अंड्यावर आलेल्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळा.

या संकरित कोंबड्यांची अंडी उबवून फुकटची पिल्लं काढू नका. पुढची पिढी एकसारखी निघत नाही.

आणि बॅच श्रावणात तयार होईल अशी पिल्लं आणणाऱ्यांना काय म्हणावं? महिनाभर गिऱ्हाईक फिरकत नाही, पक्षी खातच राहतात. मी आखाडापासून उलटे साडेतीन महिने मोजतो. होळीची राख निवते तेव्हा माझी पिल्लं शेडमध्ये उतरलेली असतात.